सायझिंग खातं, दुसरी पाळी

प्रत्येक उपासनामंदिर एखाद्या साक्षात्काराच्या पायावर उभं असतं, असं मी पुष्कळ पुस्तकांत वाचलं आहे. सोलापुरात ज्या चर्चच्या डोक्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहिलो, ते एका भंगारवाल्याशी झालेल्या घासाघिशीवर उभं होतं.

संस्थापक म्हणजे माझे घरमालक. गिरणी चालू होती तोवर ते तिथे टाइमकीपर होते, आणि गिरणी बंद पडून एक पिढी उलटली तरी साखर पेठेत त्यांना टाइमकीपर म्हणूनच ओळखत. उंच, वाळलेले, भर मे महिन्यातही शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेले. मी त्यांना काका म्हणत असे आणि ते मला एक्केचाळीस म्हणत. ते का, हे सांगायचं तर आधी फळ्याबद्दल सांगायला हवं.

गिरणीत प्रत्येक कामगाराला नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. कामावर येताना त्याने तो 'बाहेर' लिहिलेल्या बाजूच्या खिळ्यावरून काढायचा आणि 'आत' लिहिलेल्या बाजूला टांगायचा. पाळी सुरू झाली की टाइमकीपर फळ्यासमोर उभा राहून बाहेर राहिलेले बिल्ले बघे. गिरणीचं सामान मोडीत निघालं तेव्हा काकांनी एका खात्याचा अख्खा फळा बिल्ल्यांसकट सोडवून आणला. भंगारवाल्याला पितळ हवं होतं आणि लाकूड नको होतं; काकांना दोन्ही हवं होतं. ही चर्चा तीन दिवस चालली. फळ्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात 'सायझिंग खाते, पाळी दुसरी' असं लिहिलेलं होतं. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावणं. काकांनी ती अक्षरं कधी पुसली नाहीत. नव्याने येणाऱ्या काही भाविकांना ते बायबलातल्या एखाद्या अध्यायाचं नाव वाटे, आणि त्यापुढे त्यांनी मान लववलेली मी स्वतः पाहिली आहे.

चर्च काढण्याचं कारण काकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. पूर्वी ते आणि त्यांची बायको दुसऱ्या एका मोठ्या चर्चमध्ये जात. बायकोला टायफॉइड झाला आणि दोघांचे पाच रविवार चुकले. सहाव्या रविवारी गेले, तर तिथल्या पाळकांनी काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मागच्या रविवारी शास्त्रपाठ फार सुंदर वाचलात."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"थँक्यू म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं, मी नसतो त्या दिवशी मी फार सुंदर वाचतो. आता न गेलेलंच बरं."

घराच्या तळमजल्यावर वडिलांच्या वेळचा चार मागांचा कारखाना होता. माग विकले, सतरंज्या टाकल्या, दाराशी फळा ठोकला. पहिल्या रविवारी मंडळीत दोन माणसं होती, नवरा आणि बायको. नवऱ्याचा नंबर दोन, बायकोचा तीन.

"एक नंबर कुणाचा?"

"मालकाचा," काकांनी वर बोट केलं. "तो आतच असतो."

"गिरणीचे मालक कधी बिल्ला लावत होते का, काका?"

"नव्हते. म्हणून तर गिरणी बंद पडली."

काकांचं प्रवचन ऐकून कुणी ख्रिस्ती झालं असेल यावर माझा विश्वास नाही. उलट झालं असण्याची शक्यता आहे. आयुष्यभर गिरणीच्या नोटिसा लिहिल्यामुळे त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, प्रभू येशू ख्रिस्ताने आपणा सर्वांच्या पापांची जबाबदारी स्वतःकडे घेतली असून, त्याबाबत कोणाचीही तक्रार असल्यास..." असं ते सुरू होई आणि वीस मिनिटांनी संपे. तरीही मंडळी वाढली. दोनाची सात झाली, साताची तीस, आणि मी राहायला आलो तोवर चाळीस. हे प्रवचनामुळे झालं नव्हतं, सायकलीमुळे झालं होतं.

उपासना संपली की काका फळ्यासमोर उभे राहत आणि 'बाहेर' राहिलेले नंबर एका चिठ्ठीवर उतरवत. जेवून, थोडं पडून, ते सायकल काढत आणि न आलेल्या प्रत्येकाच्या घरी जात. दारात उभं राहून एकच वाक्य: "तुम्ही आज आला नाहीत." त्यात रागवणं नसे की उपदेश नसे. माणूस जे काही कारण सांगेल ते ऐकून घेत. चहा दिला तर पीत, नाही दिला तर बसून राहत. "माणूस आला नाही, हे कुणाला तरी कळलं पाहिजे," एवढंच त्यांचं धर्मशास्त्र होतं. बाकीचं पुस्तकात आहे, असं ते म्हणत.

यातली पहिली खेप ठरलेली होती. त्यांची बायको मी येण्याच्या आदल्या वर्षी वारली होती. तिचा तीन नंबरचा बिल्ला काकांनी काढला नव्हता, आणि तो अर्थातच दर रविवारी 'बाहेर' राही. तेव्हा सायकल आधी दफनभूमीकडे जाई. हे मला त्यांनी सांगितलं नाही. एकदा त्यांच्या खिशातून पडलेली चिठ्ठी उचलून दिली, तेव्हा पहिलाच आकडा तीन दिसला.

मी तेव्हा एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकटा राहत होतो आणि देव मानत नव्हतो. यातलं दुसरं मी काकांना खोली घेतानाच सांगून टाकलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मला एक्केचाळीस नंबर दिला. पहिल्या रविवारी चार वाजता दारावर टकटक झाली.

"एक्केचाळीस, तुम्ही आज आला नाहीत."

"काका, मी येणारच नव्हतो."

"ते वेगळं. आला नाहीत, हे खरं ना?"

ते खरं होतं. ते आत येऊन खुर्चीवर बसले. मी चहा केला. अर्धा तास आम्ही दोघं खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरी बघत बसलो. मग ते उठले आणि पुढच्या गैरहजराकडे गेले. असं पाच वर्षं चाललं. ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक परत आलं नाही, तर मी पंधरा दिवसांत स्मरणपत्र काढत असे. माझ्याबाबत तेवढी काळजी घेणारं सोलापुरात दुसरं कुणी नव्हतं, आणि दर रविवारी पावणेचारला मी आधण ठेवत असे, ही गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही कबूल केली नसती.

काकांची वाट बघणारा मी एकटाच नव्हतो. कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहणारी नरसम्मा, नंबर एकवीस, ही काकांच्या मंडळीतली सर्वांत जुनी बाई. नवरा गेलेला, मुलगी भिवंडीला दिलेली. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. तिच्या लक्षात आलं की चर्चला गेलं तर काका फक्त मान हलवतात, पण गेलं नाही तर इतक्या लांब सायकल मारत येतात आणि तासभर बसतात. ती एक रविवार आड गैरहजर राहू लागली. शेजारणीला तिने ही युक्ती सांगितली, शेजारणीने तिच्या जावेला. दोन वर्षांत अशी अवस्था आली की फळ्यावर नंबर वाढत होते आणि सतरंजीवर माणसं कमी होत होती. एखाद्या धर्माच्या इतिहासात लोक देवळात न जाण्यासाठी त्या धर्मात आल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

"नरसम्मा, तुला बरं नव्हतं?" काकांनी तिला एकदा विचारलं होतं म्हणे.

"लई बरं हाय की! पन तुमी बसा. च्या टाकलाय."

पण नंबर वाढले हे खरं, आणि नंबर वाढले की पास्टर लागतो. कुठल्याशा मोठ्या संस्थेने एक तरुण पास्टर पाठवला. चांगला मुलगा होता. आवाज चांगला, चपला स्वच्छ, मोबाइल मोठा. त्याच्याबरोबर कीबोर्ड आला, दोन स्पीकर आले, आणि माझ्या खोलीची फरशी रविवारी सकाळी थरथरू लागली. काकांनी त्याला एकशे बारा नंबर दिला. दुसऱ्याच रविवारी तो बिल्ला हलवायला विसरला, आणि चार वाजता काका त्याच्या खोलीवर हजर.

"काका, असं काय? प्रवचन मीच दिलं की!"

"दिलंत. पण आला नव्हतात."

पास्टर हसला. तो हसला हे काकांना आवडलं नाही, आणि आवडलं नाही हे पास्टरला कळलं नाही. पुढचं सगळं यातूनच झालं.

पास्टरच्या बोलण्यात जोर होता आणि त्याच्या संस्थेच्या हातात पैसा. तीन वर्षांत मंडळी दोनशेच्या वर गेली आणि अक्कलकोट रोडला जागा घेऊन सभागृह बांधून झालं. स्थलांतराच्या आधी कारखान्यात सगळ्या सभासदांची सभा झाली. बिल्ला असल्यामुळे मलाही निमंत्रण होतं. काकांनी पूर्ण सभेत एकच मागणी केली: फळा नव्या दाराशी लागला पाहिजे, हाताला येईल असा.

"काका, दोनशे माणसं दारात लाइन लावणार का?" पास्टर म्हणाला. "पंधरा मिनिटं जातील."

"गिरणीत पाचशे माणूस भोंगा वाजायच्या आत आत जायचा."

"ती गिरणी होती, काका. आपण आता क्यूआर कोड लावतोय. मोबाइल दाखवला की हजेरी लागली."

"आणि आला नाही त्याचं काय?"

"त्याला मेसेज जाईल."

"मेसेज च्या पितो व्हय?" मागून नरसम्मा म्हणाली. सगळे हसले. तिला विनोद करायचा नव्हता.

मध्यममार्ग निघाला. फळा ही मंडळीची मोलाची ठेव आहे, तो सन्मानाने नव्या वास्तूत लावला जाईल, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या वाजल्या म्हणजे आपलं म्हणणं पटलं, असं काकांना वाटलं. ते आयुष्यभर गिरणीच्या गेटावर होते, सभांमध्ये नव्हते.

उद्घाटनाला मी त्यांच्याबरोबर रिक्षाने गेलो. कमान होती, फीत होती, नगरसेवक होते, शाली होत्या. एक शाल काकांना, एक सभागृहाच्या कंत्राटदाराला. फळा दारातून आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर, दोन माणसांच्या उंचीवर लावला होता. पॉलिश केलेला, चकचकीत, खाली पाटी: 'आमची सुरुवात.' बिल्ले पडून हरवू नयेत म्हणून सुताराने ते जागच्या जागी चिकटवून टाकले होते, आणि दिसायला बरं म्हणून सगळे एकाच बाजूला. 'आत'.

काकांनी एक खुर्ची ओढली. मी धरली. ते खांद्यावरची शाल सावरत वर चढले आणि दोन नंबरच्या बिल्ल्याला हात घातला. तो हलला नाही. मग तीन नंबरला हात लावला. तोही हलला नाही. कुणीतरी त्यांचा फोटो काढला. मग ते उतरले, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि मला म्हणाले, "चला."

"उपासना सुरू व्हायचीय, काका."

"बिल्ला हलला नाही म्हणजे मी आलो नाही."

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून रिकाम्या कारखान्यात बसले. चारच्या सुमारास त्यांनी दाराशी दोन खुर्च्या ठेवल्या. ते काय करत होते हे मला वरून स्पष्ट दिसत होतं. वीसेक वर्षं ते दुसऱ्यांच्या दारात उभे राहिले होते. आता ते बघत होते, आपल्या दारात कोण येतं. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आलं नाही. पास्टरचं मशीन त्यांना गैरहजर धरू शकत नव्हतं, कारण त्यांनी कोडच घेतला नव्हता. आणि हजेरीदाराची हजेरी घेण्याची पद्धत कुठेच नसते.

माझ्या दारावरची टकटकही बंद झाली होती. तिसऱ्या रविवारी चार वाजता मीच जिना उतरून खाली गेलो. दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "दोन नंबर, तुम्ही आज आला नाहीत."

"तुम्ही गेला होतात?"

"नाही."

"मग मी आलो नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"वरून दिसलात इथे बसलेले."

"ते धरत नाहीत," काका म्हणाले, आणि दुसरी खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली.

नियम तो नियम. पुढच्या रविवारी सकाळी मी, देव न मानणारा माणूस, रिक्षा करून अक्कलकोट रोडला गेलो. दारातल्या मुलीने माझ्या मोबाइलवर कोड उतरवून दिला, तो दाखवल्याशिवाय ती आत सोडेना. तीन तास कीबोर्ड ऐकला. टाळ्या वाजवायच्या वेळी वाजवल्या. परत येऊन चार वाजता दारात उभा राहिलो.

"दोन नंबर, तुम्ही आज आला नाहीत."

"हां," काका म्हणाले. "बसा."

चहा त्यांनी केला. अर्धा कप झाल्यावर त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "आणखी कोण नव्हतं?"

मी बघितलं नव्हतं.

"मग गेलात कशाला?"

पुढच्या वेळी मी बघितलं. माणसं मोजण्यापेक्षा न आलेली माणसं मोजणं अवघड असतं. समोर काहीच नसतं आणि ते ओळखावं लागतं. नरसम्मा नव्हती. तिची शेजारीण नव्हती, शेजारणीची जाऊ नव्हती. कारखान्यातल्या जुन्या चाळिसांपैकी जेमतेम दहा असतील. परतताना नव्या पेठेत नरसम्मा पिशवी घेऊन समोरूनच आली.

"म्हातारा कुटं हाय वो? पाच रविवार झालं, मी चर्चला जाईना गेले की!"

"तेही जात नाहीत. घरीच बसून असतात."

"का?"

"कोणी विचारायला येतं का, बघतात."

ती पिशवी खाली ठेवून उभी राहिली. "अय्यो! मी हितं बसून त्येची वाट बघालेय, त्यो तितं बसून आमची बघालाय व्हय?"

"मग तुम्ही जा ना त्यांच्याकडे."

"मी कशी जाऊ? यायचं त्येनं असतंय," ती म्हणाली. सगळ्या सोलापुरात काकांचे नियम समजलेली ती एकटीच होती.

त्याच दिवशी चार वाजता मी सांगितलं, "एकवीस नंबर नव्हती. पाच रविवार नाही म्हणे."

काकांनी कप खाली ठेवला. "पाच?" ते उठले. कोपऱ्यातली सायकल त्यांनी भिंतीपासून ओढली, चाक दाबून पाहिलं, शर्टाच्या बाहीने सीट पुसली. दारातून बाहेर पडताना वळून मला म्हणाले, "इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

त्यानंतर सात महिने ही व्यवस्था चालली. सकाळी मी उपासनेला जाई, दुपारी न आलेल्यांची यादी देई, ते सायकल काढत. त्या यादीत पहिला आकडा तीन ते स्वतःच घालत. दोन मी घालत असे. नव्या सभागृहात ते पुन्हा कधी गेले नाहीत, आणि आपल्या मंडळीच्या अर्ध्या भागाला अजून त्यांनीच धरून ठेवलंय, हे पास्टरला कधी कळलं नाही. म्हाताऱ्या बायका मधूनच एखाद्या रविवारी का उगवतात, याचं त्याला कौतुक वाटे. प्रार्थनेचं फळ आहे, असं तो म्हणाला.

एका गुरुवारी सकाळी, सायकलला हवा भरताना काका गेले. पंपाचा आवाज मध्येच थांबला म्हणून मी खाली डोकावलो होतो.

दफनाला सगळे आले. नवे दोनशे आले, जुने चाळीस आले, घरकुलातून टमटम भरून बायका आल्या. पास्टर दूरदृष्टीबद्दल बोलला. तीन नंबरच्या शेजारची जागा त्यांना मिळाली. माती टाकून झाल्यावर नरसम्मा पदराला हात पुसत सगळीकडे बघत राहिली.

"आज एकबी घरी ऱ्हायला न्हाय," ती म्हणाली. "आन् बघायला त्योच न्हाय."

पुढच्या रविवारी मी सवयीने सभागृहात गेलो, सवयीने न आलेली माणसं हेरली, आणि चार वाजता यादी खिशात घेऊन कारखान्याच्या कुलपासमोर उभा राहिलो. मग रिक्षा केली आणि कुंभारीला गेलो. नरसम्माने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे, रस्त्यावर पाहिलं.

"तुम्ही आज आला नाहीत," मी म्हणालो.

"व्हय, न्हाय आले," ती म्हणाली. चहा तिने दिला. पण आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना, आणि रिक्षा थांबवून ठेवलेली होती.

घर काकांच्या मोडनिंबच्या पुतण्याकडे गेलं आणि त्याने ते विकायला काढलं. मी विजापूर रोडला खोली घेतली. रविवारी सकाळी उठून अक्कलकोट रोडला जाणं मात्र सुटलं नाही. देवाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मी मागच्या रांगेत बसतो आणि कोण नाही ते बघतो.

यंदाच्या वर्धापनदिनी मंडळीने मशीनमधल्या नोंदींवरून नियमित उपस्थितीचं बक्षीस ठेवलं होतं. पहिला क्रमांक माझा आला. पास्टरने मला व्यासपीठावर बोलावून शाल घातली, माझ्या अढळ श्रद्धेबद्दल चार शब्द सांगितले आणि बक्षीस दिलं. भिंतीवरचं घड्याळ आहे. त्यात सेल नव्हता.